लेक मीड : कातळावरची पांढरी पट्टी आणि १९२२ चा हिशेब

अमेरिकेत मुलांकडे गेलेले आपल्याकडचे आईवडील लास वेगासला गेले, की एक दिवस हूवर धरणासाठी राखून ठेवतात. तिथल्या फोटोंत माणसांच्या मागे एक गोष्ट हमखास दिसते. तांबूस-काळ्या कातळाच्या पायथ्याशी, पाण्याला टेकलेला पांढराफटक पट्टा. पाहणाऱ्याला वाटतं, दगडच तसा असेल. तसं नाही. नदीच्या पाण्यातले क्षार, मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, कातळावर बसून राहिलेत. बोअरच्या पाण्याने बादलीला आतून पांढरा थर धरतो, तसंच हे. पट्ट्याची वरची कड म्हणजे जलाशय भरलेला होता तेव्हाची पातळी आणि खालची कड म्हणजे आजची. २०२२ च्या जुलैत या दोन कडांमध्ये सुमारे १८० फुटांचं अंतर पडलं होतं. सतरा-अठरा मजली इमारत उभी राहील एवढं.

हे प्रकरण त्या १८० फुटांचं आहे. दुष्काळ पडला आणि पाणी गेलं, हे उत्तर खरं आहे, पण अर्धं. जेवढं पाणी नदीत कधी नव्हतंच, तेवढं कागदावर वाटून टाकलं गेलं होतं. दुष्काळ आला नसता तरी हा जलाशय खाली गेलाच असता, फक्त सावकाश. पुढे जे मांडतो आहे त्याचा रोख तिकडे आहे.

धरण आणि त्याचा आवाका

कोलोरॅडो नदी नेवाडा आणि ॲरिझोना या दोन राज्यांच्या सीमेवर ब्लॅक कॅन्यन नावाच्या अरुंद घळईतून जाते. तिथे १९३१ ते १९३५ या काळात ७२६ फूट उंचीचं काँक्रीटचं धरण उभं राहिलं. ३० सप्टेंबर १९३५ ला राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्याचं लोकार्पण केलं. मागे साचलेल्या जलाशयाला अमेरिकेच्या पाटबंधारे खात्याचे, म्हणजे ब्युरो ऑफ रेक्लमेशनचे, तेव्हाचे आयुक्त एलवुड मीड यांचं नाव मिळालं.

हा सगळा मुलूख वाळवंटाचा. लास वेगासला वर्षाला चार इंच, म्हणजे जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या माणदेशातही याच्या चौपट-पाचपट पडतो. त्यामुळे लेक मीडचं पाणी आभाळातून जागच्या जागी येत नाही. ते येतं शेकडो किलोमीटर दूर, रॉकी पर्वतावर हिवाळ्यात साठलेल्या बर्फातून. एप्रिल ते जुलै तो वितळतो, नदीला पाणी येतं, आणि ते आधी वरच्या ग्लेन कॅन्यन धरणात, म्हणजे लेक पॉवेलमध्ये अडतं. तिथून सोडलेला विसर्ग ग्रँड कॅन्यन पार करून मीडमध्ये उतरतो.

तिकडे पाणी एकर-फुटांत मोजतात. एका एकरावर एक फूट उभं पाणी म्हणजे एक एकर-फूट. दहा लाख एकर-फूट म्हणजे आपले ४३.५६ टीएमसी. लेक मीडची क्षमता सुमारे २६ दशलक्ष एकर-फूट, म्हणजे ११३० टीएमसीच्या आसपास. कोयना १०५ टीएमसीची. अशा दहा-अकरा कोयना एका जागी. एवढं पाणी साठवू शकणारं धरण आटतं, याचा अर्थ एखाद-दुसऱ्या वर्षी पाऊस रुसला असा असूच शकत नाही.

जानेवारी २००० मध्ये पातळी समुद्रसपाटीपासून १२१४ फुटांच्या आसपास होती. जलाशय जवळजवळ तुडुंब होता. जून २०१५ मध्ये ती पहिल्यांदा १०७५ च्या खाली आली. जुलै २०२२ च्या अखेरीस १०४० फूट. साठा २७ टक्के.

सँटा फेमध्ये काय ठरलं

२४ नोव्हेंबर १९२२ ला न्यू मेक्सिको राज्यातल्या सँटा फे इथे सात राज्यांच्या प्रतिनिधींनी कोलोरॅडो नदीच्या पाणीवाटपाचा करार केला. अध्यक्षस्थानी होते तेव्हाचे वाणिज्यमंत्री हर्बर्ट हूवर, ज्यांचं नाव पुढे धरणाला मिळालं. खोऱ्याचे दोन भाग पाडले. वरच्या खोऱ्यात वायोमिंग, कोलोरॅडो, युटा आणि न्यू मेक्सिको, खालच्या खोऱ्यात कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि नेवाडा. प्रत्येक खोऱ्याला वर्षाला साडेसात दशलक्ष एकर-फूट, म्हणजे सुमारे ३२७ टीएमसी. पुढे १९४४ च्या तहाने मेक्सिकोला दीड दशलक्ष एकर-फूट द्यायचं ठरलं. सगळं मिळून साडेसोळा दशलक्ष. सुमारे ७१९ टीएमसी.

नदीत तेवढं पाणी आहे हे कशावरून ठरलं? हाताशी नोंदी होत्या जेमतेम वीस-पंचवीस वर्षांच्या, आणि विसाव्या शतकाची ती सुरुवातीची वर्षं नेमकी ओली निघाली होती. त्यांची सरासरी काढली आणि नदी कायम तेवढीच वाहील असं गृहीत धरलं. भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे जलतज्ज्ञ युजीन ला रू त्या काळातच सांगत होते, की या खोऱ्यातल्या सगळ्या ओलिताजोग्या जमिनीला पुरेल इतकं पाणी नदीत नाही. त्यांचं कुणी मनावर घेतलं नाही. १९७६ मध्ये जुन्या झाडांच्या खोडातल्या वलयांवरून नदीचा गेल्या काही शतकांचा प्रवाह काढला गेला, तेव्हा सरासरी साडेतेरा दशलक्षाच्या आसपास आली. वाटलेलं साडेसोळा, असलेलं साडेतेरा.

इथे कृष्णेची आठवण येते. बच्छावत लवादाने कृष्णेचं पाणी वाटताना ७५ टक्के विश्वासार्हतेचा आकडा धरला. शंभरातल्या पंचाहत्तर वर्षी जेवढं पाणी नक्की येईल तेवढंच, म्हणजे २०६० टीएमसी, वाटपाला घेतलं. त्या निवाड्यावरही भांडणं झाली, अजून चालू आहेत. पण आपल्याकडे निदान मोजणी सावध होती. सँटा फेमध्ये अंथरूण पाहून पाय पसरले नाहीत. पाय आधी पसरले आणि अंथरूण तेवढं असेल असं मानलं.

आणखी एक गोष्ट. या खोऱ्यात ३० आदिवासी राष्ट्रं आहेत. त्यांचा पाण्यावरचा हक्क १९०८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने तत्त्वतः मान्य केला होता. सँटा फेच्या बैठकीला त्यांच्यातलं एकही माणूस नव्हतं.

वर्षाचा जमाखर्च

लेक मीडचं दुखणं समजून घ्यायला एका साध्या वर्षाचा हिशेब मांडावा लागतो. दुष्काळाचं वर्ष नको, ठरल्याप्रमाणे पाणी आलेलं वर्ष घेऊ.

लेक पॉवेलमधून ठरलेला विसर्ग आणि मधल्या ओढ्या-नाल्यांचं पाणी मिळून मीडमध्ये येतं साधारण ९ दशलक्ष एकर-फूट. आपल्या भाषेत ३९२ टीएमसी. खालची तीन राज्यं आणि मेक्सिको यांच्यासाठी धरणातून सोडावं लागतं साधारण ९.६ दशलक्ष, म्हणजे ४१८ टीएमसी. वाळवंटातलं ऊन दरवर्षी पाण्याचा सुमारे सहा फुटांचा थर उडवून नेतं. ते झालं आणखी ०.६ दशलक्ष, म्हणजे २६ टीएमसी. जमा ३९२, खर्च ४४४. तूट ५२ टीएमसी. पातळीत सांगायचं तर वर्षाला बारा फूट.

म्हणजे सगळं नियमाप्रमाणे चालू असताना, कुणीही आपल्या हक्कापेक्षा थेंबभर जास्त न उचलता, धरण वर्षाला बारा फूट खाली जातं. तिकडचे अभियंते याला रचनेतलीच तूट म्हणतात. या तुटीतला मोठा वाटा बाष्पीभवनाचा आणि वाटेतल्या गळतीचा आहे. खालच्या खोऱ्यात हे नुकसान कुणाच्याच नावावर लिहिलेलं नव्हतं. कॅलिफोर्नियाचे ४.४ दशलक्ष, ॲरिझोनाचे २.८, नेवाडाचे ०.३. बेरीज बरोबर साडेसात. उन्हाच्या वाट्याचा रकानाच नाही. आपल्याकडे कोणत्याही प्रकल्पाच्या अहवालात बाष्पीभवन आधी वजा होतं, मग सिंचनाचं पाणी ठरतं. इथे ते वजा झालंच नाही. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मूळ या एका न लिहिलेल्या ओळीत आहे.

मग इतकी वर्षं हे दिसलं का नाही? वरच्या राज्यांनी आपला पूर्ण वाटा कधी वापरला नव्हता. ॲरिझोनाचा मोठा कालवा फिनिक्सला १९८५ मध्ये पोहोचला आणि पूर्ण व्हायला १९९३ उजाडलं. शिवाय १९८० च्या दशकात नदीला भरभरून पाणी आलं. १९८३ मध्ये तर हूवरच्या सांडव्यांवरून पाणी गेलं. दहा कोयनांएवढा साठा गाठीशी असला की दरवर्षीची तूट जाणवत नाही. आजोबांच्या ठेवीतून घरखर्च भागत राहतो आणि पगार कमी पडतोय हे कुणाला कळत नाही, तसं झालं.

दुष्काळात तेरावा महिना

२००० पासून नदी आटली. २००० नंतरचा सरासरी नैसर्गिक प्रवाह साडेबारा दशलक्ष एकर-फुटांच्या जवळपास आला. झाडांच्या वलयांवरून केलेल्या अभ्यासात २००० ते २०२१ हा काळ तिथल्या किमान बाराशे वर्षांतला सर्वांत कोरडा ठरला.

इथला दुष्काळ आपल्या दुष्काळासारखा नाही. बर्फ पडतो, पण पाणी येत नाही. २०२१ मध्ये वरच्या डोंगरांत बर्फ सरासरीच्या फार खाली नव्हता, तरी लेक पॉवेलमध्ये सरासरीच्या जेमतेम एक तृतीयांश पाणी आलं. तापमान वाढल्यामुळे बर्फ लवकर वितळतो, उघडी पडलेली जमीन तापते, आदल्या उन्हाळ्यात करपलेली माती वितळलेलं पाणी आधी स्वतः पिते, झाडं जास्त पाणी ओढतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हिशेब असा मांडला, की तापमान एक अंश सेल्सियसने वाढलं की नदीचा प्रवाह सुमारे ९ टक्क्यांनी घटतो. जुन्या सरासरीवर नदी परत येईल या आशेवर यापुढे कोणतंही वाटप करणं मला चूक वाटतं. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

कुणाचं पाणी आधी तुटलं

२००७ मध्ये राज्यांनी आणि केंद्राने तात्पुरते नियम केले. दर ऑगस्टमध्ये अंदाज काढायचा, की येत्या १ जानेवारीला पातळी किती असेल. १०७५ च्या खाली गेली तर पहिली कपात, १०५० च्या खाली दुसरी, १०२५ च्या खाली तिसरी. १६ ऑगस्ट २०२१ ला इतिहासात पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली.

२०२२ साठीच्या त्या कपातीचे आकडे नीट पाहावेत. ॲरिझोना ५,१२,००० एकर-फूट, तिच्या वाट्याच्या १८ टक्के. नेवाडा २१,०००. मेक्सिको ८०,०००. कॅलिफोर्निया शून्य.

शून्य का, याचं उत्तर कायद्यात आहे. अमेरिकेच्या पश्चिम भागात पाण्यावर पहिला हक्क त्याचा, ज्याने ते आधी वापरायला सुरुवात केली. कॅलिफोर्नियातल्या इम्पीरियल व्हॅलीचे शेतकरी धरणाच्या आधीपासून नदीचं पाणी घेत होते. तिथल्या एका सिंचन मंडळाचा हक्क ३.१ दशलक्ष एकर-फूट, म्हणजे १३५ टीएमसी. अख्ख्या नेवाडाच्या दहापट. उलट ॲरिझोनाला आपला ५४० किलोमीटरचा कालवा बांधायला केंद्राचा पैसा हवा होता, आणि काँग्रेसमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतांशिवाय तो मिळत नव्हता. म्हणून १९६८ च्या कायद्यात ॲरिझोनाने मान्य केलं, की टंचाईत या कालव्याचं पाणी कॅलिफोर्नियाच्या मागे उभं राहील. चोपन्न वर्षांनी ती अट वसूल झाली.

ॲरिझोनातही मार सगळ्यांना सारखा बसला नाही. कालव्यावरच्या रांगेत सर्वांत शेवटी उभे होते फिनिक्स आणि टूसॉन यांच्या मधल्या पिनाल काउंटीचे कापूस आणि अल्फाल्फा पिकवणारे शेतकरी. (अल्फाल्फा म्हणजे आपला लसूणघास.) त्यांनी २००४ च्या समझोत्यात कायमचा हक्क सोडून काही वर्षांसाठी स्वस्त पाणी घेतलं होतं. २०२२ मध्ये त्यांच्या चाऱ्यांना कालव्याचं पाणी जवळपास बंदच झालं. काहींनी शेतं पडीक ठेवली, काही पुन्हा विहिरींकडे वळले. ज्या भूजलाचा उपसा थांबावा म्हणून कालवा खणला, त्याच भूजलाकडे. टेलच्या शेतकऱ्याचं दुःख आपल्याला सांगायला नको.

फिनिक्सच्या दक्षिणेला हीला नदीकाठी राहणाऱ्या आदिवासींची कहाणी उलटी फिरली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या वसाहतींनी त्यांची नदी वळवली आणि पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारे लोक उपासमारीला लागले. २००४ च्या त्याच समझोत्यात त्यांना कालव्याच्या पाण्याचा मोठा वाटा मिळाला. २०२३ मध्ये त्यांनी त्यातलं काही पाणी केंद्राकडून मोबदला घेऊन लेक मीडमध्येच राहू दिलं. ज्यांना बैठकीला बोलावलं नव्हतं, त्यांनी आता धरणाला हात दिला.

एका मनोऱ्याचं उघडं पडणं

एप्रिल २०२२ मध्ये लेक मीडच्या पाण्यातून एका मनोऱ्याचा माथा वर आला. लास वेगासला १९७१ पासून पाणी देणारं ते पहिलं उपसा केंद्र. त्याचं तोंड १०५० फुटांवर. पातळी त्याच्या खाली गेली आणि पंप कोरडे पडले. शहर जवळपास नव्वद टक्के पाण्यासाठी याच जलाशयावर अवलंबून आहे.

तरीही शहरातला एकही नळ बंद पडला नाही. २००० नंतर पातळी घसरू लागली तेव्हाच दक्षिण नेवाडा जल प्राधिकरणाने ओळखलं होतं, की हे थांबणारं नाही. त्यांनी तलावाच्या तळाखालून सुमारे पाच किलोमीटरचा बोगदा काढून ८६० फुटांवर तिसरं तोंड बसवलं. ते २०१५ मध्ये पूर्ण झालं आणि त्याच्या जोडीचं खोल पंपिंग स्टेशन २०२० मध्ये.

हूवर धरणाचा मृतसाठा ८९५ फुटांवर सुरू होतो. आपली उजनी उणेत गेली तरी धरणातून पाणी उचलता येतं. मीडमध्ये ८९५ च्या खाली धरणाच्या पुढे थेंब जात नाही, आणि खालच्या लाखो एकरांना दुसरी वाट नाही. लास वेगास मात्र त्यानंतरही पीत राहील. त्या शहराने केलेली ही तयारी मला मनापासून कौतुकाची वाटते, आणि तिच्यामागचा अंदाज काळजीत टाकतो.

जुगाराचं, कारंज्यांचं शहर म्हणून लास वेगासवर पाण्याच्या उधळपट्टीचा ठपका सहज बसतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. घरात, हॉटेलात वापरलेलं जवळपास सगळं पाणी शुद्ध होऊन परत तलावात जातं आणि तेवढं पुन्हा उचलायची मुभा मिळते. परत येत नाही ते बाहेर हिरवळीवर मारलेलं पाणी. म्हणून १९९९ पासून तिथे लॉन काढणाऱ्याला पैसे मिळतात, आणि रस्त्याकडेला नुसत्या शोभेच्या गवताला २०२६ अखेरपर्यंत निरोप द्यायचा असा २०२१ चा कायदा आहे. २००२ नंतरच्या वीस वर्षांत लोकसंख्या साडेसात लाखांनी वाढूनही शहराचा नदीतला वापर तीस टक्क्यांनी घटला. पण सगळ्या नेवाडाचा वाटाच मुळात १३ टीएमसी. खोऱ्यात माणसं वापरतात त्या पाण्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग शेतीला जातो, त्यातही गुरांच्या चाऱ्याला सर्वांत जास्त. खरी बचत तिथेच व्हायची आहे.

आटत्या पाण्याने आणखीही बरंच वर आणलं. १ मे २०२२ ला गाळात रुतलेलं एक पिंप सापडलं, आत कित्येक वर्षांपूर्वी मारलेल्या माणसाचे अवशेष. आणि सेंट थॉमस. १८६५ मध्ये वसलेलं आणि १९३८ मध्ये बुडालेलं छोटं गाव. आता ते कोरड्या जमिनीवर आहे. घरांच्या जोत्यांवर शिंपले, एक उभं धुराडं आणि कुठेही न जाणाऱ्या काँक्रीटच्या पायऱ्या. पळसदेवचं देऊळ उजनीच्या पाण्यातून वर आलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे दृश्य सांगावं लागणार नाही.

तोडगा आणि अडलेली गाठ

१४ जून २०२२ ला ब्युरोच्या आयुक्त कॅमिल टूटन यांनी सिनेटच्या समितीला सांगितलं, की पुढच्या वर्षी २० ते ४० लाख एकर-फूट वापर कमी झाला नाही तर व्यवस्था वाचणार नाही. राज्यांना साठ दिवस दिले. साठ दिवस गेले, तोडगा निघाला नाही. २०२२-२३ च्या हिवाळ्यात मात्र रॉकीवर अमाप बर्फ पडला. त्या उसंतीत, मे २०२३ मध्ये खालच्या तीन राज्यांनी २०२६ अखेरपर्यंत ३० लाख एकर-फूट वाचवायचं कबूल केलं. त्यातल्या २३ लाखांसाठी केंद्राने सुमारे १२० कोटी डॉलर द्यायचे ठरले. इम्पीरियल व्हॅलीचे शेतकरीही यात आले. भर उन्हाळ्यात लसूणघासाला काही आठवडे पाणी न देता मोबदला घ्यायचा. पीक वाळतं, पण मुळं जगतात.

पातळी सावरली, पण तिथेच घुटमळली. १०५० ते १०७५ च्या पट्ट्यात. २०२६ साठीही पहिल्या टप्प्याची कपात लागू झाली. आणि २००७ चे नियम २०२६ च्या अखेरीस संपतात.

नव्या नियमांवर सात राज्यांचं एकमत करण्यासाठी केंद्राने ११ नोव्हेंबर २०२५ ही मुदत दिली होती. ती टळली. खालची राज्यं म्हणतात, रचनेतली तूट आम्ही सोसू, वर्षाला १५ लाख एकर-फूटपर्यंत कपात घेऊ, पण त्याहून जास्त लागली तर वरच्यांनीही वाटा उचलावा. वरची राज्यं म्हणतात, आमच्या डोक्यावर मोठं धरण नाही, बर्फ कमी पडला की आमच्या शेतांचं पाणी आपोआप तुटतं, आम्ही आणखी काय सोडायचं? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. नाशिक-नगर विरुद्ध जायकवाडी हा वाद जवळून पाहिलेल्याला दोन्ही बाजू ओळखीच्या वाटतील.

चर्चेत एक विचार असा आला, की ठरावीक आकडा सोडून द्यावा. मागच्या तीन वर्षांत नदीत प्रत्यक्ष जेवढं पाणी आलं, त्याच्या सरासरीचा ठरावीक हिस्सा वरून खाली सोडावा. नदी फुगली तर दोघांनाही जास्त, आटली तर दोघांनाही कमी. शंभर वर्षांत पहिल्यांदा वाटपाची सुरुवात नदीपासून करायचा हा प्रस्ताव होता, आणि मला तोच योग्य वाटतो. तो हिस्सा किती टक्के, यावर गाडी अडली.